जेवण सोडणारी मुलगी, वेफर्स मागणारा मुलगा: पडद्यावरचं खाणं घरात कसं शिरतं आणि काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी १४ वर्षांची, नववीत. गेल्या तीन महिन्यांत तिने भात आणि पोळी जवळजवळ सोडली. ‘दिवसभरात मी काय खाते’ छापाचे आणि रेसिपीचे व्हिडिओ ती तासन्‌तास पाहते. डबा अर्धा परत येतो, पण आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी बिस्किटांचा अख्खा पुडा संपलेला सापडतो. मुलगा ९ वर्षांचा. जाहिरातीत दिसेल ते त्याला हवं असतं: वेफर्स, चॉकलेटची पावडर, कोल्ड्रिंक. आईने विचारलं आहे की दोघांचा मोबाइल काढून घ्यावा का, आणि मुलीचं ‘हे वय असंच असतं’ म्हणून सोडून द्यावं का.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो: सोडून देऊ नका. तीन महिने जेवण टाळणं आणि रात्री लपून भरपूर खाणं हे दोन्ही एकत्र दिसतं आहे, म्हणून येत्या आठवड्या-दोन आठवड्यांत तिला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. घाबरून जाण्याची गरज नाही, पण थांबण्यासारखंही हे नाही. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिलं आहे. मोबाइलचं म्हणाल, तर तो हिसकावून घेणं हे पहिलं पाऊल नव्हे. आधी जेवणाच्या वेळा बसवायच्या, मग घरातलं बोलणं सुधारायचं आणि त्यानंतर मोबाइलकडे वळायचं. हा क्रम उलटा केला की बहुतेक घरांत भांडण पेटतं आणि मुलगी आणखी कमी खाते.

एकाच पडद्यावरच्या दोन उलट्या हाका

तिच्या मोबाइलवर एका मिनिटात काय काय येतं ते पाहा. चीज ताणला जाणारा पिझ्झा, लगेच सपाट पोटाची व्यायाम शिकवणारी, मग तुपात न्हालेला मैसूरपाक, मग ‘२१ दिवसांत १० किलो’. एक चित्र खायला बोलावतं, दुसरं खाल्ल्याची लाज वाटायला लावतं. यांतलं एकेकटं चित्रही परिणाम करतंच, पण खरं नुकसान या आलटून-पालटून येण्यात आहे. तुमच्या मुलीचं दिवसा उपाशी राहणं आणि रात्री पुडा संपवणं या दोन वेगळ्या सवयी नाहीत. पहिलीतून दुसरी जन्माला येते.

याचा पुरावा जुना आहे. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीझ या शास्त्रज्ञांनी ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून निरीक्षणं केली. त्या तरुणांना अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना. ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, कृती जमवू लागले, एकेक घास लांबवत जेवू लागले. पोटभर खाण्याची मुभा मिळाल्यावर कित्येकांना किती खाल्लं तरी समाधान होईना. तेव्हा मुलगी जेवत नाही आणि रेसिपीचे व्हिडिओ मात्र सोडत नाही, याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. उपाशी मेंदू अन्न शोधतो, आणि आज ते त्याला सर्वांत सहज मोबाइलवर सापडतं. तिला स्वयंपाकाची आवड लागली आहे असं समजून पालक खूष होतात. ती घरच्यांसाठी केक करते, सगळ्यांना वाढते, स्वतः खात नाही. हे लक्षण वेळीच ओळखायला हवं.

दुसरा प्रयोग १९७५ चा. वजनाच्या धास्तीने एरवी हात राखून खाणाऱ्या आणि तसं काही बंधन न पाळणाऱ्या अशा दोन प्रकारच्या विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम पुढे ठेवलं. बंधन न पाळणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. हात राखून खाणाऱ्यांनी उलट जास्त खाल्लं. ‘आज नियम मोडलाच आहे, तर आता काय उरलं’ हा विचार त्यामागे असतो. तुमच्या घरी रात्री पहिलं बिस्किट तोंडात गेलं की पुडा संपतो, त्याचंही कारण हेच. इच्छाशक्ती कमी पडते म्हणून असं होत नाही. नियम अति कडक असतो आणि पोट दिवसभर रिकामं असतं.

पडद्यावरच्या शरीरांचा परिणाम किती वेगाने होतो, हे फिजी बेटांवर दिसलं. तिथल्या समाजात भरदार अंगाचं आणि भरपेट जेवण्याचं कौतुक होतं. नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरदर्शन संच आले. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याबद्दलच्या प्रश्नावलीत चिंताजनक गुण येणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजन आटोक्यात ठेवायला मुद्दाम उलटी करणाऱ्या मुली आधी एकही नव्हत्या, तीन वर्षांनी ११.३ टक्के होत्या. पाहणी लहान होती, दोन्ही वेळच्या मुली वेगवेगळ्या होत्या, त्यामुळे सगळा दोष टीव्हीवर टाकता येत नाही. तरीही तीन वर्षांत एवढा बदल दुर्लक्ष करण्याजोगा नाही. शिवाय तो टीव्ही ठरावीक वेळी लागणारा आणि सगळ्यांना एकच दिसणारा होता. आताचा पडदा तुमच्या मुलीने कुठे दोन सेकंद जास्त थांबून पाहिलं हे टिपतो आणि तेच आणखी दाखवतो.

आपल्याकडे ही जमीन आधीच नांगरलेली होती, हेही मान्य करायला हवं. ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ ही लग्नाच्या जाहिरातीतली भाषा मोबाइलच्या कितीतरी आधीची. पडद्याने त्या अपेक्षेला रोजचं चित्र दिलं आणि ती अकरा-बारा वर्षांच्या मुलींपर्यंत आणून पोचवली.

धाकट्याचं गणित वेगळं आहे

मुलाच्या बाबतीत लाजेचा प्रश्न अजून नाही, हाकेचा आहे. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना जाहिरात ही विकण्यासाठी केलेली असते हेच उमगत नाही, कार्यक्रमासारखीच ती खरी वाटते. नऊ वर्षांच्या मुलाला हेतू कळतो, पण तो स्वतःहून आठवत नाही, कुणीतरी आठवण द्यावी लागते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात कार्टूनमध्ये खाण्याच्या जाहिराती पाहणाऱ्या मुलांनी इतर जाहिराती पाहणाऱ्यांपेक्षा समोर ठेवलेला खाऊ ४५ टक्के जास्त खाल्ला. तो खाऊ जाहिरातीतला नव्हताच, आणि मुलांना भूक किती होती याच्याशीही त्याचा संबंध नव्हता. म्हणजे जाहिरात नुसतं नाव विकत नाही, ती खाण्याची कळ दाबते. आयपीएलचा सामना पाहताना समोर जे असेल ते तो संपवणार. म्हणून त्या वेळी समोर काय ठेवायचं हे तुम्ही आधीच ठरवा: भाजलेले शेंगदाणे, कुरमुऱ्याचा चिवडा, कापलेला पेरू, ताकाचा पेला. मोठी पिशवी हातात देऊ नका, वाटीत काढून द्या.

वेफर्सवर पूर्ण बंदी घालू नका. मनाई केलेल्या पदार्थाकडे मुलांचं लक्ष वाढतं आणि संधी मिळाली की ती तो जास्त खातात, हे प्रयोगांत दिसलं आहे. आठवड्यातून एकदा, तुम्ही ठरवलेल्या दिवशी, वाटीभर वेफर्स जेवणाच्या ताटातच वाढा. ‘भाजी संपवलीस तर चॉकलेट’ हा सौदा मात्र कायमचा बंद करा. त्यातून भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, एवढंच तो शिकतो. लहान मुलांसाठी उपयोगी पडणारी वाटणी अशी: काय, केव्हा आणि कुठे खायचं हे आई-वडिलांनी ठरवायचं, किती खायचं हे मुलाने. मोठ्या मुलीने खाणं खूपच तोडलं असेल तर तिच्यासाठी ही वाटणी चालत नाही. तिथे किती खायचं हेही काही काळ मोठ्यांनी हातात घ्यावं लागतं. दोघांना एकच नियम लावायला जाल तर एकाचं नक्की बिघडेल.

पुड्याचं वाचन त्याला शिकवा, त्याला ते आवडेल. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, म्हणून पहिली तीन नावं पाहायची. ‘मल्टिग्रेन’ लिहिलेल्या बिस्किटात पहिलं नाव मैद्याचं असेल, तर ते मैद्याचंच बिस्किट. दुधात घालायच्या पावडरीवर बऱ्याचदा दोन रकाने असतात, नुसत्या पावडरीचा आणि दुधासह. प्रथिनं आणि कॅल्शियमचे मोठे आकडे दुधासहच्या रकान्यात दिसतात, आणि ते मुख्यतः दुधाचे असतात. साखर १०० ग्रॅममागे किती, ते पाहून एका वेळच्या मापाला किती, याचा हिशेब त्याच्याकडून करून घ्या: १०० ग्रॅमला ३५ ग्रॅम असेल, तर २० ग्रॅम पावडरीत ७ ग्रॅम, म्हणजे जवळपास दीड चमचा, वर घरची साखर वेगळी. २५० मिलिलिटर कोलात साधारण २६ ग्रॅम साखर असते. दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असं राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिका सांगते. एका बाटलीत दिवसाचा वाटा संपतो, हे गणित नऊ वर्षांच्या मुलाला चांगलं कळतं. अशा पावडरींना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणायला आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात व्याख्याच नाही, म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना त्या सदरातून ही पेयं काढायला सांगितलं. ही मोठी गोष्ट होती. घराघरांत मात्र तो शब्द अजून तसाच वापरला जातो.

एक खेळ करा. पुडा उघडून आतला पदार्थ बशीत ओता आणि पुड्यावरच्या चित्राशेजारी ठेवा. चित्राखाली बारीक अक्षरांत ‘चित्र केवळ प्रातिनिधिक’ असं काहीतरी सापडेल. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एका प्रसिद्ध सूप कंपनीच्या जाहिरातीत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकून भाज्या वर आणल्या होत्या आणि सरकारी आयोगाने ते थांबवायला लावलं. आजही चित्रीकरणात पदार्थाला तेलाचा हात फिरवतात, वाफ वेगळी सोडतात, कुरकुर आवाज वेगळा भरतात. हे सांगितलं की मुलं जाहिरातीत चुका शोधू लागतात, आणि मागण्याऐवजी बघण्यात रमतात.

मुलीचं जेवण परत रुळावर आणताना

यात कॅलरी मोजायच्या नाहीत. तुम्हीही तिच्यासमोर मोजू नका. आकडा तुमच्यापुरता माहीत असू द्या: १३ ते १५ वयाच्या मुलीची दिवसाची ऊर्जेची गरज सुमारे २,४०० किलोकॅलरी, लोह ३० मिलिग्रॅम, कॅल्शियम १,००० मिलिग्रॅम. व्हिडिओंमधून फिरणारा १,२०० कॅलरीचा आराखडा बैठं काम करणाऱ्या प्रौढ बाईलाही पुरत नाही, वाढत्या मुलीची तर त्याने निम्मी गरज भागते. आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या दर दहांपैकी जवळजवळ सहा मुलींना रक्तक्षय आहे (पाचवं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, ५९.१ टक्के). अशा मुलींच्या ताटातून आणखी काही काढण्याची जागाच उरलेली नाही.

जेवणांत तीन-साडेतीन तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. शाळा सकाळची धरली तर साधारण असं बसतं. निघण्याआधी कपभर दूध आणि केळं किंवा तूप-गूळ लावलेली पोळी. मधल्या सुट्टीत डबा: दोन पोळ्या-भाजी, किंवा थालीपीठ-दही. घरी आल्यावर दीडच्या सुमारास पूर्ण जेवण: दोन पोळ्या किंवा एक मोठी भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, पालेभाजी, वाटीभर भात, चमचाभर तूप, दही, लिंबाची फोड. क्लासला जाण्याआधी पाचला मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा उकडलेलं अंडं किंवा पोहे. रात्री साडेआठला पुन्हा जेवण. झोपायला उशीर होत असेल तर दूध. सुरुवातीला ती अर्धंच खाईल. प्रमाण दर तीन-चार दिवसांनी थोडं वाढवा, वेळ मात्र पहिल्या दिवसापासून चुकवू नका.

रात्रीचं लपून खाणं थांबवण्यासाठी कुलूप लावू नका, डबे लपवू नका, सकाळी ‘पुडा कुणी संपवला’ असा दरबार भरवू नका. सगळ्यात महत्त्वाचं, रात्री जास्त खाल्लं म्हणून दुसऱ्या दिवशीचा नाश्ता टाळू देऊ नका. चक्र तुटतं ते त्याच नाश्त्याला. दिवसाची जेवणं पुरेशी आणि वेळेवर झाली की बऱ्याच मुलींमध्ये रात्रीची ओढ हळूहळू उतरते. पुरेसं खाऊनही काही आठवड्यांत ती उतरली नाही, तर ते तज्ज्ञांना सांगा.

भात-पोळी सोडल्यावर वजन खरंच उतरलं, असं ती म्हणेल. उतरलं असणारच. पिठूळ पदार्थांतली साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. पिठूळ पदार्थ बंद केले की हा साठा रिकामा होतो आणि काटा पहिल्या आठवड्यातच दीड-दोन किलो खाली येतो. एक दिवस वरण-भात खाल्ला की तेच पाणी परत येतं आणि काटा वर चढतो. ‘भाताने मी जाड होते’ हा तिचा विश्वास त्या काट्याने पक्का केला आहे. घरातला वजनकाटा काही महिने शेजारी ठेवायला द्या.

‘२१ दिवसांत १० किलो’ हेही तिच्यासोबत बसून तपासता येतं. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी. १० किलोचे ७७,०००. २१ दिवसांनी भागलं की रोज ३,६०० च्या वर तूट पाहिजे. दिवसभरात तिचं शरीर एकूण खर्च करतं त्याहून हे कितीतरी जास्त. म्हणजे दाखवलेला फरक चरबीचा असूच शकत नाही. तो पाण्याचा, उभं राहण्याच्या ढबीचा, श्वास आत ओढण्याचा, प्रकाश बाजूने टाकण्याचा आणि बऱ्याचदा फिल्टरचा असतो. सेल्फीही खोटं सांगते: ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, हे २०१८ मध्ये गणिताने दाखवलं गेलं. हाच चेहरा दीड मीटरवरून टिपून तिला दाखवा.

आणि एक गोष्ट मुलींना कुणी सांगतच नाही. पाळी सुरू होण्याच्या आसपासच्या वर्षांत वजन भराभर वाढणं, कंबर-मांड्यांवर चरबी येणं हे शरीराचं ठरलेलं काम आहे. ते झालं नाही तर पाळी आणि हाडं दोन्ही अडखळतात. नेमक्या त्याच वर्षांत तिच्यासमोर प्रौढ, रेखीव, सुधारून दाखवलेली शरीरं येतात, आणि आपलं वाढणं तिला बिघडणं वाटू लागतं. आईने हे साध्या शब्दांत सांगितलेलं तिला लागतं, एकदा नव्हे, पुन्हापुन्हा.

घरातलं बोलणं

पडद्यापेक्षा घर कमी जोरात बोलतं, पण जास्त वेळ बोलतं. ‘काय गं, सुटलीस!’ हे गणपतीला आलेल्या आत्याने म्हणणं, आणि ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हे शेजारच्या काकूंनी म्हणणं, दोन्ही सारखंच घातक. दुसरं तर जास्तच, कारण ते उपासमारीचं बक्षीस होतं. नातेवाइकांना आधीच फोन करून सांगा: ‘आम्ही घरात वजनाबद्दल बोलायचं नाही असं ठरवलंय, तुम्हीही नका बोलू.’ मोठ्या माणसांना हे सांगणं जड जातं. तरी सांगा. आजी-आजोबा बहुतेक वेळा लगेच समजून घेतात, कारण नात जेवत नाही याचं दुःख त्यांनाही आहे.

आईने स्वतःबद्दल काय बोलायचं हेही यातच आलं. ‘आज दोन गुलाबजाम झाले, उद्या काही खायचं नाही’ हे वाक्य मुलगी नोंदवून ठेवते. खाण्याला पाप-पुण्याची भाषा लावू नका. ‘जंक’, ‘चीट डे’, ‘क्लीन’ हे शब्दही घरातून काढा, पदार्थाला त्याच्या नावानेच हाक मारा.

आपल्याकडे उपवास हा एक आडोसा होतो. मुलीने अचानक सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी सगळं धरायला सुरुवात केली, उपवासाचंही धड खात नाही, आणि श्रद्धेचं कौतुक होतंय म्हणून घरात कुणी टोकत नाही, असं असेल तर सावध व्हा. वाढत्या वयात आणि अशा अवस्थेत उपवास नको. घरातल्या वडीलधाऱ्यांकडूनच तिला हे सांगितलं गेलं तर तिला अपराधी वाटत नाही.

आता मोबाइल

‘हा फोटो सुधारलेला आहे’ एवढं सांगून भागत नाही. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीतल्या बदललेल्या शरीराच्या फोटोवर तशी सूचना छापावी लागते. हेतू चांगला होता, पण अशा सूचनांनी पाहणाऱ्या मुलींचं स्वतःच्या शरीराबद्दलचं असमाधान कमी होत नाही, असंच बहुतेक प्रयोगांत दिसलं. फोटो खोटा आहे हे मुलगी जाणते, आणि तरीही तसंच दिसावंसं तिला वाटतं. दोन गोष्टींचा उपयोग जास्त होतो. एक, पाहणं कमी करणं. कॅनडातल्या एका प्रयोगात १७ ते २५ वयाच्या २२० जणांपैकी निम्म्यांनी तीन आठवडे सोशल मीडिया दिवसाला तासाभरावर आणला. त्यांना स्वतःच्या दिसण्याबद्दल आणि वजनाबद्दल आधीपेक्षा बरं वाटू लागलं. बंदीची गरज पडली नाही, मर्यादा पुरली. दुसरी गोष्ट म्हणजे मुलीला स्वतः त्या आदर्शाविरुद्ध बोलायला लावणं. ‘तुझ्याहून लहान मुलीला पत्र लिही, बारीक दिसण्याच्या मागे लागल्याने काय काय गमवावं लागतं ते सांग.’ तुमचं व्याख्यान ती ऐकून सोडून देईल. स्वतःच्या हाताने लिहिलेलं तिच्या मनात राहतं. मात्र हे जेवण थोडं रुळावर आल्यावर करा. उपाशी मुलीशी युक्तिवाद होत नाही, ती चिडते.

मोबाइलवर प्रत्यक्ष करायचं ते असं. रविवारी अर्धा तास तिच्यासोबत बसा, मोबाइल तिच्याच हातात राहू द्या. कोणतं खातं पाहिल्यावर तिला स्वतःबद्दल वाईट वाटतं, हे तिलाच ठरवू द्या आणि ती खाती तिलाच काढू द्या. वजन-डाएटचे व्हिडिओ सुचवले गेले की त्यावर दाबून ‘रस नाही’ निवडायचं. यूट्यूबवरचा पाहिलेल्याचा इतिहास पुसायचा, इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये सुचवलेला मजकूर नव्याने सुरू करण्याची सोय आहे ती वापरायची. मग काही दिवस मुद्दाम दुसरंच शोधायचं: चित्रकला, क्रिकेट, किल्ले, काहीही. नुसतं पुसून सोडलं तर जुनं परत येतं. जेवताना कुणाच्याच हातात मोबाइल नको, बाबांच्याही. रात्री सगळ्यांचे मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला.

धाकट्याच्या बाबतीत एक पुढची सूचना. मुलग्यांना हीच लाज पंधरा-सोळाव्या वर्षी गाठते, फक्त ती बारीक होण्याऐवजी ‘बॉडी’ करण्याच्या रूपात येते: प्रोटीनचे डबे, जेवणाऐवजी शेक, ‘कटिंग’च्या, म्हणजे स्नायू उठून दिसावेत म्हणून चरबी उतरवण्याच्या, नावाखाली पाणी तोडणं आणि काही ठिकाणी स्टिरॉइडची इंजेक्शनं. मुलगा खातोय म्हणून घरच्यांना काळजी वाटत नाही आणि उशीर होतो.

शाळेबद्दलही बोला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही तिथे करता येत नाही. पालकसभेत हा नियम कागदावर घेऊन जा. जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना मुलांच्या कार्यक्रमांत वेफर्स आणि कोल्ड्रिंकच्या जाहिरातींना मनाई करतात, आणि मुलांच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दल न्यूनगंड निर्माण करणाऱ्या जाहिरातींनाही. तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. तक्रार करा, त्याचा उपयोग असतो.

डॉक्टरांकडे

पुढच्यापैकी काहीही असेल तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी दाखवा: चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, जागेपणी शांत बसलेली असताना नाडीचे ठोके मिनिटाला ५० च्या खाली, वारंवार उलट्या, पाणीसुद्धा नाकारणं, मरण्याचं बोलणं. थोड्या सवडीने पण नक्की सांगायच्या गोष्टी: पाळी चुकणं, हात-पाय कायम गार, केस गळणं, अंगावर बारीक लव, जेवल्याबरोबर बाथरूमला जाणं, बोटांच्या मागच्या सांध्यांवर घट्टे, सैल कपडे, सगळ्यांसोबत जेवायला टाळणं. वजन भरपूर असलेल्या मुलीलाही हा खाण्याचा आजार (‘ईटिंग डिसऑर्डर’) होतो. तिचं वजन उतरतंय म्हणून सगळे खूष असतात आणि तिचंच निदान सर्वांत उशिरा होतं.

डॉक्टरांनी तिची जुनी वजनं-उंची भारतीय बालरोग संघटनेच्या २०१५ च्या वाढीच्या तक्त्यावर मांडायला हवीत, म्हणून शाळेची आणि लसीकरणाची कार्डं सोबत न्या. झोपून आणि उभं राहून नाडी व रक्तदाब, ईसीजी, रक्ताची पूर्ण तपासणी, साखर, पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, थायरॉइड एवढं पाहिलं जातं. रिपोर्ट ठीक आले म्हणजे आजार नाही, असं होत नाही. शरीर बरेच दिवस सगळं सांभाळून घेतं. खूप वजन उतरलं असेल किंवा कित्येक दिवस जवळजवळ काहीच खाल्लं नसेल, तर घरी एकदम भरपेट खाऊ घालू नका. अशा वेळी रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरून हृदयाला धोका होतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवायचं.

उपचारात बालरोगतज्ज्ञ, मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ असे तिघं लागू शकतात. या वयात आई-वडिलांना जेवणाची सूत्रं हातात देऊन केलेली कुटुंबाधारित पद्धत चांगली काम करते, तेव्हा तिची चौकशी करा. गावात कुणी नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

तिला नेताना ‘तुझं वजन दाखवायला’ असं म्हणू नका. ‘तुला थकवा येतो, चक्कर येते, लक्ष लागत नाही, ते तपासून घेऊ’ असं सांगा. तेही खरंच आहे. वजन करताना तिला पाठमोरं उभं करा आणि आकडा मोठ्याने बोलू नका, अशी विनंती डॉक्टरांना आधी फोनवर करून ठेवा. आणि पहिल्या डॉक्टरांनी ‘मुली या वयात असंच करतात’ म्हणून परत पाठवलं, तर हीच सगळी माहिती एका कागदावर लिहून दुसऱ्या डॉक्टरांकडे न्या.